दाबलेले अक्षर आणि चेपलेले अक्षर : एका देवनागरी फाँटच्या प्रकल्प नोंदी

१५ जुलै २०२४

आमच्या उपयोजित कला विभागातील अंतिम वर्षाचे सहा विद्यार्थी, शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक शाखेतील दोन विद्यार्थी आणि पुण्यातील एक छोटा फाँट स्टुडिओ यांनी मिळून, कोल्हापुरातील हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या अक्षरांवरून एक देवनागरी शीर्षक-फाँट तयार करावा, असे आजच्या बैठकीत ठरले. स्टुडिओचा एक तंत्रज्ञ महिन्यातून दोन दिवस येईल. उरलेले दिवस आमचे आम्हालाच निभवायचे आहेत.

कलाशिक्षण, यंत्र आणि धंदा यांची सांगड या गावाला नवी नाही. बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले, त्यासाठी लागणारा कॅमेरा त्यांनी येथेच घडवला आणि १९२० साली आपला पहिला मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्या कंपनीत शिकण्याचा आणि कमावण्याचा वर्ग एकच होता. आमच्याकडे मात्र शिकण्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि कमावण्याची जागा लक्ष्मीपुरीच्या बाजारात अशी फाळणी झालेली आहे, आणि या प्रकल्पातून निदान तो जिना तरी चढता-उतरता राहावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

२४ जुलै २०२४

पाट्यांची पाहणी सुरू केली. गंगावेश, महाद्वार रोड, मंगळवार पेठ आणि उद्यमनगर अशा चार भागांत विद्यार्थी दोघादोघांच्या गटाने फिरत आहेत. पाटीसमोर सरळ उभे राहून छायाचित्र घ्यायचे, पाटीच्या कडेला फूटपट्टी धरायची, म्हणजे पुढे अक्षराची उंची काढता येते, आणि दुकानदाराची परवानगी घेतल्याखेरीज कॅमेरा काढायचा नाही, असे तीन नियम केले. आतापर्यंत १४३ पाट्या टिपल्या, त्यांपैकी ६१ उपयोगाच्या आहेत. तालमींच्या पाट्या सर्वांत चांगल्या टिकल्या आहेत, कारण त्या दरवर्षी पुन्हा रंगवल्या जातात. परंतु त्यामुळेच जुने वळण कोणते आणि नव्या हाताने केलेले वळण कोणते, हे सांगणे अवघड होऊन बसले आहे.

पंचगंगेचे पाणी वाढल्यामुळे पुढील आठवड्याची फेरी रद्द केली.

९ ऑगस्ट २०२४

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेले. आज वर्गात कोणी काम केले नाही आणि मीही करायला लावले नाही. दुपारी एका विद्यार्थिनीने मागच्या महिन्यात नाट्यगृहाच्या परिसरात टिपलेली सात छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि त्या फोल्डरला तारखेचे नाव दिले.

२१ ऑगस्ट २०२४

ज्यांच्या हातच्या पाट्यांवर आमचा सर्वाधिक भर आहे, ते पेंटरकाका आज प्रथमच विभागात आले. वय सत्तरीचे, चाळीस वर्षांहून अधिक काळ पाट्या, ट्रकची नावे आणि निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात गेलेला. त्यांचे जुने कागदी आराखडे २०१९ च्या पुरात गेले, त्यामुळे आता त्यांच्या अक्षरांचे मूळ म्हणजे गावातील पाट्या आणि त्यांचा हात, एवढेच उरले आहे.

विद्यार्थ्यांनी त्यांच्याच पाट्यांवरून रेखाटलेली स्वर-व्यंजने भिंतीवर लावली होती. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, ‘‘ही अक्षरं कुठल्या पाटीवर बसवायची?’’ आम्ही म्हणालो, कुठल्याही. तेव्हा ते हसले. पाटीच्या मापाशिवाय अक्षराचे माप असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि हे म्हणणे किती अक्षरशः घ्यायला हवे, ते पुढच्या दोन तासांत आमच्या लक्षात आले.

त्यांनी तीन फुटांचा एक फळा घेतला, सुतळीला खडू लावून वर आणि खाली दोन रेषा मारल्या आणि एका इंची सपाट ब्रशने ‘श्री महालक्ष्मी किराणा भांडार’ हे नाव एका ओळीत बसवून दाखवले. नंतर तेवढ्याच उंचीत, पण दोन फुटांच्या फळ्यावर तेच नाव पुन्हा लिहिले. दुसऱ्या फळ्यावरील अक्षरे निमुळती होती, तरी काने आणि दंड पहिल्याइतकेच जाड होते, आणि कमी झाली होती ती अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा. आमच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या फळ्याचे छायाचित्र संगणकावर घेऊन रुंदीत दोन तृतीयांश केले आणि दोन्ही शेजारी ठेवले. संगणकाने अक्षराबरोबर कानाही बारीक केला होता, शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहिली होती, त्यामुळे सगळे नाव डोक्यावर ओझे घेऊन उभे असल्यासारखे दिसत होते. पेंटरकाका म्हणाले, ‘‘अक्षर दाबायचं असतं, मॅडम, चेपायचं न्हाई. काना बारीक झाला की पाटी आजारी दिसती.’’

शहरातील बहुतेक फ्लेक्स असे चेपलेले असतात. रोज पाहून पाहून ते आम्हाला खटकेनासे झाले होते, हे शिक्षिका म्हणून लिहायला मला संकोच वाटतो.

त्यांच्याकडून आणखी दोन नियम मिळाले. नावातील पहिले आणि शेवटचे अक्षर शक्यतो ऐसपैस ठेवायचे आणि दाबायचे ते मधल्या अक्षरांना, कारण लांबून येणाऱ्याची नजर दोन्ही टोकांना धरून नाव वाचते. आणि ‘श्री’ कधीही दाबायचा नाही. याचे कारण विचारल्यावर त्यांनी ‘‘देवाचं हाय’’ एवढेच उत्तर दिले.

संध्याकाळी मी प्रकल्पाच्या आराखड्यातील ‘अक्षरांचे डिजिटायझेशन’ हा शब्दप्रयोग खोडला. अक्षरांच्या आकृत्या तर छायाचित्रातूनही मिळाल्या असत्या. आम्हाला उतरवून घ्यायचे आहेत ते निर्णय.

२० सप्टेंबर २०२४

गणपती उरकले, मुले परतली. स्टुडिओच्या तंत्रज्ञाने सुचवल्याप्रमाणे फाँट ‘व्हेरिएबल’ करायचा, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराची अरुंद आणि रुंद अशी दोन टोके रेखाटून ठेवायची आणि मधल्या सर्व रुंदी संगणकाने त्या दोन टोकांवरून काढायच्या, असे ठरले. अडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ मध्ये एकत्रितपणे जाहीर केलेले हे तंत्र लॅटिन लिपीत बहुधा जाडी कमी-जास्त करण्यासाठी वापरले जाते. आम्हाला ते पेंटरकाकांच्या दाबण्यासाठी हवे आहे. दोन्ही टोकांना दंडाची जाडी एकच ठेवली, की मधल्या कुठल्याही रुंदीला ती ढळत नाही. जे काम ब्रशची रुंदी आपोआप करत होती, ते येथे आराखड्याने करायचे.

यातील खरी अडचण अशी की, दोन्ही टोकांच्या रेखाटनांत बिंदूंची संख्या आणि त्यांचा क्रम तंतोतंत एकच असावा लागतो. ब्रशने दाबलेल्या ‘ळ’मध्ये पेंटरकाका मधला वळसा गाळून थेट ठिपक्यासारखी गाठ देतात, ‘क्ष’मध्ये तर डाव्या बाजूचा फासाच निराळा होतो. अशा ठिकाणी एका आकृतीतून दुसरी वाढतच नाही, संगणक मधल्या रुंदीला गाठोडे करून टाकतो. सहा अक्षरांसाठी विशिष्ट रुंदीच्या खाली दुसरी आकृती बदलून बसवण्याची सोय करावी लागली. ‘श्री’ची मात्र दोन्ही टोकांना एकच आकृती ठेवली. तंत्रज्ञाला ही चूक वाटली आणि त्याने ती परस्पर दुरुस्त केली, म्हणून ती आम्ही पुन्हा पूर्ववत केली आणि फाइलच्या टिपणात कारण लिहून ठेवले.

४ ऑक्टोबर २०२४

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यामुळे वर्गात दिवसभर त्याचीच चर्चा होती. मी ती चर्चा ‘ल’ आणि ‘श’कडे वळवली. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहायचा आहे, तरीही संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवता येतात आणि मजकूर मराठी आहे अशी खूण असेल तर मराठी वळण आपोआप येते. पण ती खूण करतो कोण? दुकानाचे नाव टंकणारा माणूस तर नक्कीच करत नाही. म्हणून आम्ही क्रम उलटा केला : काही न सांगता मराठी वळण उमटेल आणि हिंदी वळण हवे असल्यास तसे सांगावे लागेल. पेंटरकाकांना हा प्रश्नच कळला नाही, कारण त्यांनी दुसरा ‘ल’ आयुष्यात कधी काढलेला नाही.

१५ ऑक्टोबर २०२४

आजचा पूर्ण दिवस एका लहानशा फटकाऱ्यावर गेला आणि तो तसा जाणे योग्यच होते.

मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आहेत, ‘आचार्यांना’ वंदन करायचे असते आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे सांगायचे असते. पहिल्या शब्दात अर्धा ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पुढच्या अक्षराच्या अलीकडे आडव्या पापणीसारखा येतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, त्यामुळे बाहेर तयार झालेल्या पुष्कळ फाँटांत ते नुसते नियमापुरते बसवलेले असते. आमच्या ६१ पाट्यांत हे रूप फक्त चार ठिकाणी सापडले. त्यांतली एक मंगळवार पेठेतील वह्यांच्या दुकानाची आहे, तिच्यावर ‘कोऱ्या वह्या मिळतील’ असे लिहिले आहे. तेथे पेंटरकाकांनी ब्रश उभा धरून एकाच फटक्यात ती पापणी ओढली आहे, सुरुवातीला जाड आणि ‘य’ला टेकताना निमुळती.

विद्यार्थिनीने रूप रेखाटले आणि चाचणीसाठी संगणक शाखेच्या विद्यार्थ्याकडे दिले. त्याने ‘कोर्या’ असे उमटल्याचे दाखवून फाँटमध्ये दोष असल्याची नोंद केली. दोष फाँटचा नव्हता. त्याने साधा ‘र’ टंकून पाय मोडला होता, आणि साध्या ‘र’चा पाय मोडला की नियमाप्रमाणे रफारच होतो. या रूपासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ स्वतंत्र स्थानी आहे, भारतीय लिपींसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. जुन्या मजकुरात हेच रूप साध्या ‘र’नंतर पाय मोडून आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालूनही लिहिलेले असते. आम्ही दोन्ही मार्गांनी एकच पापणी उमटावी अशी व्यवस्था केली आणि ‘य’ व ‘ह’ या दोन्ही अक्षरांपुढे, सर्व रुंदींना, ‘पुऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाडी’, ‘तऱ्हा’ असे बावीस शब्द तपासले. अरुंद टोकाला पापणी ‘य’च्या पोटात शिरत होती. तेथे पुढचे अक्षर किंचित उजवीकडे सरकवावे लागले.

वर्गात यानिमित्ताने र. कृ. जोशी यांच्याविषयी बोलले. जाहिरात क्षेत्रातील काम, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प केंद्रातील अध्यापन आणि पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतील फाँटनिर्मिती ही तिन्ही क्षेत्रे एकाच माणसाने पायाखाली घातली, म्हणून विंडोज २००० बरोबर आलेला त्यांचा ‘मंगल’ हा फाँट संगणकावरील देवनागरीचा रोजचा चेहरा होऊ शकला. आमच्यात असा एक माणूस नाही, म्हणून नऊ-दहा जण एका टेबलाभोवती बसवावे लागतात. पापणीच्या प्रश्नावर भाषा मला ठाऊक होती, फटका पेंटरकाकांना आणि नियमांची साखळी संगणकाच्या मुलाला. तिघांपैकी कोणीही एकट्याने तो सोडवला नसता, आणि एकट्याने सोडवल्याचा दावा मात्र आम्ही तिघांनीही दुपारपर्यंत एकदा तरी केला होता.

१८ नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या निवडणुकीमुळे मुद्रणाची दुकाने आमच्याशी बोलायला रिकामी नाहीत. विद्यार्थी सत्र परीक्षेत आहेत. पेंटरकाकांना या निवडणुकीत एकही भिंत मिळाली नाही. जोडाक्षरांचे काम दोन तृतीयांश झाले आहे.

१२ डिसेंबर २०२४

ज्या दुकानासाठी हा फाँट उपयोगी पडावा असे आम्ही गृहीत धरले होते, अशा एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात आज चाचणी घेतली आणि ती पूर्णपणे फसली. तेथील मांडणीची आज्ञावली जुन्या आवृत्तीची आहे आणि तिला युनिकोड देवनागरी नीट जुळवता येत नाही, त्यामुळे ‘ज्योतिर्लिंग’ या शब्दातील रफार आणि वेलांटी दोन्ही भलतीकडे जाऊन बसली. दुकानातील मुलगा युनिकोडपूर्व फाँटांवर काम करतो. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि टंकणारा ते तुकडे खिळे जुळवल्यासारखे एकेक करून लावतो. त्याचा वेग थक्क करणारा आहे. पाच महिन्यांच्या कामाचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता आणि त्याने ते अतिशय नम्रपणे सांगितले.

परतताना रिक्षात वाद झाला. दोन विद्यार्थ्यांचे म्हणणे होते की, आपणही फाँटची एक युनिकोडपूर्व आवृत्ती काढावी. मी याला विरोध केला, कारण अशा फाँटमध्ये लिहिलेला मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या फाँटमध्ये नेता येत नाही, आणि व्हेरिएबल रुंदी, जी या साऱ्याचा गाभा आहे, ती त्या दुकानात चालणारच नाही. दुसरीकडे, दुकानदाराने नवी आज्ञावली विकत घ्यावी असा उपदेश करणे हे महाविद्यालयाच्या पगारावर बसून सोपे आहे, हेही मला मान्य करावे लागले.

तोडगा संगणक शाखेच्या मुलीने काढला. एक साधे जालपान तयार करायचे, त्यात नाव टंकायचे आणि पाटीची लांबी-उंची भरायची. अक्षरांची जुळणी ‘हार्फबझ’ या मुक्त जुळणी-यंत्रणेने पानावरच करायची आणि दुकानदाराच्या हाती फाँट न देता नुसती बाह्यरेषांची एसव्हीजी फाइल द्यायची. बाह्यरेषा जुनी आज्ञावलीही सहसा उघडते, कारण तिच्या दृष्टीने ती अक्षरे नसून आकृत्या असतात.

आणि येथेच पेंटरकाकांचा दुसरा नियमही मार्गी लागला. फाँटमधील रुंदी सर्व मजकुराला एकसारखी लागू होते, पहिले-शेवटचे अक्षर सोडून मधली दाबणे हे फाँटला स्वतःहून करता येत नाही. पानाला मात्र ते करता येते. शब्दाची अक्षरे सुटी करून प्रत्येकाची वेगळ्या रुंदीने जुळणी करायची, टोकांना मोकळे ठेवायचे, ‘श्री’ वगळायचा आणि उरलेली जागा मधल्यांत वाटायची. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते, म्हणून वेगवेगळ्या रुंदीची अक्षरेही शेजारी लागताच रेषा अखंड होते. पेंटरकाकांनी जो हिशेब डोळ्यांनी केला होता, तो आता समीकरणात लिहायचा आहे.

२० जानेवारी २०२५

आजची बैठक पैशांची होती आणि अपेक्षेप्रमाणे सर्वांत लांबली. स्टुडिओला फाँट विक्रीसाठी हवा होता, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. तंत्रज्ञाचे दिवस त्यांनी आपल्या खर्चाने दिले आहेत. महाविद्यालयाला तो मुक्त हवा होता, कारण पाट्या गावाच्या आहेत आणि काम विद्यार्थ्यांचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट स्टुडिओने ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ यांसारखे फाँट मुक्त परवान्याखाली दिले म्हणूनच आमचे विद्यार्थी त्यांच्या फाइली उघडून शिकू शकले, हा माझा युक्तिवाद होता.

तासाभराने कोणाच्या तरी लक्षात आले की, पेंटरकाकांना काही विचारलेलेच नाही. ते म्हणाले, ‘‘पाटीच्या कोपऱ्यात आपण नाव टाकतो. ह्याला कोपरा कुठं हाय?’’

शेवटी असे ठरले. फाँट एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली मुक्त राहील. हा परवाना नुसता फाँट विकण्यास मनाई करतो, पण त्यावर आधारित कामाचे पैसे घेण्यास करत नाही, त्यामुळे एखाद्या ग्राहकासाठी वेगळी अक्षरे किंवा बोधचिन्ह करून देण्याचे काम स्टुडिओ घेईल आणि त्या प्रत्येक कामातील ठरावीक हिस्सा पेंटरकाकांना देईल. आजवरच्या त्यांच्या सर्व दिवसांचे पैसे पाटी रंगवण्याच्या रोजाने महाविद्यालय देईल. ही रक्कम मी सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरलीच नव्हती. त्यात कॅमेऱ्याचे भाडे होते, मेमरी कार्डे होती, चहा होता. कारागिराचा वेळ ‘सहकार्य’ या शब्दाखाली फुकट धरण्याची ही सवय शिक्षणसंस्थांत चांगलीच मुरलेली आहे आणि ती माझ्यातही होती.

कोपऱ्याचा प्रश्न दोन प्रकारे सोडवला. फाँटच्या नाव-सारणीत, म्हणजे फाइलमधील माहितीच्या तक्त्यात, नवव्या क्रमांकाची जागा अभिकल्पकाची असते, तेथे त्यांचे नाव देवनागरीत घातले. शिवाय त्यांची पाटीवरची सही एक स्वतंत्र चिन्ह म्हणून फाँटमध्ये ठेवली. जालपानावरून निघणाऱ्या फाइलीत ती उजव्या कोपऱ्यात येते, नको असल्यास काढता येते.

२७ फेब्रुवारी २०२५

मराठी भाषा गौरव दिनी विभागात प्रात्यक्षिक झाले. पाहुण्यांची भाषणे वगळून दोन नोंदी करते.

पेंटरकाकांनी जालपानावर तेच नाव घातले, ‘श्री महालक्ष्मी किराणा भांडार’, आणि माप दोन फूट दिले. उमटलेले नाव त्यांच्या ऑगस्टमधील फळ्याशेजारी धरले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘क्ष्मी’ जास्त दाबला गेलाय आणि ‘किराणा’ला उगाच जागा दिलीय. मोजून पाहता ते बरोबर होते. आमचे समीकरण उरलेली जागा मधल्या अक्षरांत सारखी वाटते, त्यांचा हात मात्र जोडाक्षराला कमी दाबतो, कारण त्याच्या पोटात आधीच गर्दी असते. गर्दीचे माप म्हणून प्रत्येक आकृतीतील शाईचे क्षेत्र आणि एकूण क्षेत्र यांचे गुणोत्तर वापरून पाहावे, असे संगणक शाखेच्या मुलीने तेथेच सुचवले.

दुसरी नोंद अशी की, फ्लेक्सच्या दुकानातील तो मुलगा सुट्टी काढून आला होता. ही सोय भ्रमणध्वनीवर चालेल का, हा त्याचा एकच प्रश्न होता, कारण ग्राहक नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

६ मार्च २०२५

गर्दीचे माप बसवले, ‘क्ष्मी’ मोकळा झाला. पेंटरकाकांनी अकरापैकी नऊ नावे जशीच्या तशी मान्य केली. राहिलेल्या दोन नावांबाबत त्यांचे स्वतःचेच दोन दिवसांत मत बदलले, त्यामुळे तेथे काही केलेले नाही.

त्या दुकानातून या पानावरून पहिला फ्लेक्स काल छापला गेला, उद्यमनगरातील एका लेथ कारखान्याचा. फ्लेक्सची कड दुमडून तिला कड्या ठोकतात, त्या दुमडीत शेवटच्या अक्षराचा काना अर्धा गेला आणि कोपऱ्यातली सही पूर्ण गेली. पाटीला दुमड नसते, म्हणून हे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते. चारही बाजूंनी दीड इंच जागा आपोआप सोडण्याची दुरुस्ती उद्याच्या कामात घेतली आहे, आणि तो फ्लेक्स महाविद्यालयाच्या खर्चाने पुन्हा छापून द्यायचा आहे.